नावावरचा एक डॉलर

पोर्ट हॉलिस गावाच्या पोटात मीठ आहे. वर चर्च, शाळा, बोटींचा धक्का आणि सरोवर, आणि या सगळ्याच्या खाली खाणीचे बोगदे. सुरुंगाच्या वेळी कपाटातल्या बश्या किणकिणतात, तेव्हा गावातला माणूस बोलता बोलता जरा थांबतो आणि पुढे बोलू लागतो. नोरीन वॉइट मात्र बश्या थांबल्या तरी कान देऊन बसायची. तिच्या घरात खाणीतून परत आलेला भाऊ होता.

नोरीन राज्याच्या हमी संस्थेत नोकरीला होती. एखादी विमा कंपनी बुडाली की तिचे मालक हात झटकून मोकळे होतात, पण ज्याची कंबर मोडली, ज्याची बोटं यंत्रात गेली, त्याला औषधपाणी लागतच राहतं. असे पोरके दावे पदरात घेऊन निस्तरायचे, हे या संस्थेचं काम. आणि दर तिमाहीला अवसायकाकडे, म्हणजे बुडालेल्या कंपनीची निरवानिरव करायला कोर्टानं नेमलेल्या माणसाकडे, खरा अहवाल धाडायचा: किती दिले, किती द्यावे लागतील, कुठला दावा उघडा आणि कुठला बंद. खाणीचा विमा उतरवणारी हॉलिस म्युच्युअल बुडाली तेव्हापासून नोरीन तिचे अहवाल करत होती. काम कंटाळवाणं खरं, पण नोरीनला कंटाळवाणी कामं आवडत. ती घरी आल्यावर मागे लागत नाहीत, असं तिचं म्हणणं.

या धंद्यात एक जुनी खोड आहे. दाव्यापुढे राखून ठेवलेली रक्कम शून्य झाली, की तो दावा आपोआप बंद होतो. बंद करवत तर नाही, आणि पुढे किती लागतील हेही सांगता येत नाही, अशा वेळी तिथे एक डॉलर टाकून ठेवायचा. त्या डॉलरनं दार उघडं राहतं. हिशेब तपासणारे या डॉलरवर दात खातात, कारण त्याला काही अर्थ नसतो. पण सगळेच टाकतात.

नोरीनच्या भावाच्या नावावरही असा एक डॉलर होता.

तो टाकला बर्निस ऑट नावाच्या बाईनं. हॉलिस म्युच्युअल तेव्हा नाक वर करून चालत होती आणि बर्निस तिच्यात दावे बघायची. खाणीत सरोवराखालच्या बोगद्याचं छत कोसळलं आणि दोन माणसं आत राहिली, वॉरन लूमिस आणि डेल वॉइट. आठवडाभर खणून शेवटी शोध थांबवला. दोघांनाही मृत धरा, असं वरून सांगणं आलं. अपघात एक, म्हणून दाव्याचा क्रमांकही एकच, फक्त शेपटीला एक आणि दोन. बर्निसनं एक बंद केला. तो लूमिसचा. दोनला हात घालणार तोच फोन वाजला, मग घरी जायची वेळ झाली, म्हणून तिनं सवयीनं त्याच्यापुढे एक डॉलर टाकला आणि कोट चढवून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल वॉइट हवेच्या जुन्या विहिरीतून वर आला. त्या विहिरीची शिडी कधीच काढून टाकली होती. तो नखशिखांत पांढरा होता आणि त्यानं पहिली गोष्ट मागितली ती पाणी.

पुढे बर्निस थकली, वृद्धाश्रमात गेली. नोरीन तिला भेटायला जायची. एकदा तिनं नोरीनचं मनगट धरलं.

"तुझ्या भावापुढचा तो डॉलर काढू देऊ नकोस हं कुणाला."

"अहो बर्निस, डॉलर तो डॉलर. त्यानं काय होतंय?"

"मला कुठे माहीत काय होतंय? मी एक बंद केला, तो आला नाही. एक उघडा राहिला, तो आला. एवढंच मला माहीत. तू शहाणी असशील तर याहून जास्त विचारू नकोस."

नोरीननं जास्त विचारलं नाही, कारण तिला डेल दिसत होता.

डेल तिच्याहून लहान. तो परत आला तेव्हा तिशीत होता आणि त्यानंतर अठरा-एकोणीस वर्षांत नोरीनचे केस पिकले, गुडघे गेले, डेल मात्र तसाच राहिला. लोक म्हणायचे, "काय गं, भावाला कशात घालून ठेवलंयस?" ती हसून वेळ मारून न्यायची. त्याच्या उशीवर रोज सकाळी पांढरी भुकटी असायची. तो दिवसभर तांब्यांनी पाणी प्यायचा. त्याच्या खोलीत दूध विसरलं तर ते नासत नसे. सरोवरावरून धुकं आलं, की आपल्याकडे दमट दिवसांत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसं त्याच्या हातांना सुटायचं, बाह्या निथळायच्या, आणि नोरीन टॉवेल आणून द्यायची. भाऊ होता तो तिचा. बाकी सगळं तिनं पोटात घातलं होतं.

एक गोष्ट मात्र तिला सोसायची नाही. जेवता जेवता डेल मधेच थांबायचा आणि जमिनीकडे कान लावायचा.

"वॉरन ठोकतोय," तो म्हणायचा.

"खाणीचे सुरुंग आहेत ते. जेव."

"सुरुंग नाहीत, नोरी. तो तिसऱ्या खांबापाशी बसलाय. थर्मासमधली कॉफी संपली म्हणतो." मग थोड्या वेळानं: "मला हाक आली तेव्हा तोही उठला होता. त्याला नाही सोडलं."

"कुणी नाही सोडलं?"

यावर डेल बटाटा तेवढा लोण्यात बुडवायचा.

नात्यातल्या माणसाच्या दाव्याला हात लावायचा नाही, हा संस्थेचा कडक नियम. म्हणून डेलची ओळ कर्टिस बेल बघायचा. कर्टिस म्हणजे नोरीनच्या समोरच्या टेबलावरचा तरुण, मनानं लोण्यासारखा आणि कामात थोडा घाईचा. दर तिमाहीला नोरीन त्याला म्हणायची, "तो डॉलर राहू दे हं, डॉक्टरचं एखादं बिल यायचं असेल." बिल कधीच आलं नाही. कर्टिसनं कधीच विचारलं नाही. या बाईनं त्याला काम शिकवलं होतं, लग्नात केक करून दिला होता. एका डॉलरसाठी तो तिच्याशी कशाला वाद घालतो?

आणि मग हॉलिस म्युच्युअलच्या शेवटच्या अहवालाची वेळ आली. कोर्ट कंपनीचं दप्तर कायमचं बंद करणार होतं. अवसायकाकडून मिस्टर हॅझलिट नावाचे गृहस्थ फोनवर होते, त्यांचा आवाज इतका कोरडा, की ऐकताना घसा खवखवावा. त्यांनी स्पष्ट सांगितलं: शेवटच्या अहवालात नावापुरते डॉलर चालणार नाहीत. खरी रक्कम आणि खरं कारण द्या, नाहीतर शून्य. नोरीननं दोन रात्री विचार केला. डेलला डॉक्टरकडे न्यायचं, तपासणी करायची, कागद आणायचा. पण डॉक्टर छातीला नळी लावणार, आणि नळीतून त्याला काय ऐकू येईल किंवा येणार नाही, याची नोरीनला भीती वाटत होती. तिनं स्वतः इतक्या वर्षांत त्याच्या छातीला कधी कान लावला नव्हता.

तरी तिनं मनाचा हिय्या केला आणि गुरुवारी रजा टाकली. दुपारी डॉक्टरकडे जायचं होतं. त्याआधी तिनं जेवायला त्याच्या आवडीचं केलं: मिठाच्या पाण्यात उकडलेले छोटे बटाटे, वर वितळलेलं लोणी, आणि बाजारातून आणलेला तळलेला पर्च मासा. बाहेर लख्ख ऊन होतं. डेलनं धुतलेला निळा शर्ट घातला होता आणि तो चक्क मजेत होता.

"डॉक्टरला सांग, माझी बहीण मला उपाशी ठेवते."

"सांग ना. तो मलाच आधी तपासेल, तुला वाढून वाढून माझा खांदा गेलाय."

डेल हसला. मग त्यानं काटा बशीत ठेवला. या वेळी त्यानं जमिनीकडे नाही, मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"नोरी," तो म्हणाला, "कुणीतरी दार लावलं."

"कुठलं दार? थांब, लोणी संपलं, आणते."

ती स्वयंपाकघरात गेली आणि लोणी घेऊन आली, एवढाच वेळ. खुर्चीवर निळा शर्ट होता, बटणं लावलेलीच. शर्टाच्या गळ्यातून, बाह्यांतून, खुर्चीच्या कडेवरून बारीक पांढरं मीठ जमिनीवर सांडत होतं. सांडण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

नोरीननं हंबरडा फोडला नाही. तिला काय झालं ते कळलं होतं. तिनं भिंतीला धरून ऑफिसला फोन लावला.

"आहात कुठे? आनंदाची बातमी!" कर्टिस म्हणाला. "तुमच्या डोक्याचा ताप गेला. मी बसलो आणि सगळे एक-एक डॉलर एका दमात साफ करून टाकले. तुमच्या भावाचाही. त्या हॅझलिटनं उद्या तुम्हालाच धारेवर धरलं असतं, बहिणीनं भावाचा दावा का लोंबकळत ठेवला म्हणून. आत्ताच धाडला अहवाल."

"परत घे."

"काय?"

"कर्टिस, राजा, तो परत घे. डेलचा उघड."

तिचा आवाज ऐकून पोरगा हादरला. धाडलेला अहवाल परत घेता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुरुस्ती मात्र धाडता येते, आणि शेवटच्या अहवालाला ती एकदाच धाडता येते. कर्टिसनं कारण विचारलं नाही. फोन कानाशी धरूनच त्यानं घाईघाईनं दुरुस्ती लिहिली आणि धाडली.

नोरीननं मिठाला हात लावला नाही. शर्ट, खुर्ची, बशी, सगळं जसंच्या तसं ठेवून ती हवेच्या जुन्या विहिरीपाशी जाऊन बसली. शुक्रवारी उजाडलं, ऊन वर आलं, विहिरीतून थंड वारा तेवढा येत राहिला. तिथे तिला फोन आला तो इडा लूमिसचा.

इडा म्हणजे वॉरनची बायको. सत्तरी ओलांडलेली, गावाच्या पलीकडच्या टोकाला एकटी राहणारी. तिला नवऱ्याच्या मृत्यूची रक्कम मिळाली होती, पण पुरायला काहीच मिळालं नव्हतं. चर्चमागे त्याच्या नावाचा दगड होता, आणि त्याखाली त्याचे रविवारचे बूट.

"नोरीन, पोरी, घरी ये." इडा हसत होती की रडत होती ते कळेना. "दुसऱ्या कुणाला सांगायची छाती होत नाही. तुझा भाऊ आला होता ना तसाच... अगं, माझा वॉरन आलाय."

नोरीन गेली. इडाच्या स्वयंपाकघरात टेबलाशी वॉरन लूमिस बसला होता. पन्नाशीचा, खाणीच्या कपड्यांत, भुवयांपर्यंत पांढरा; गावाच्या या टोकाच्या दुसऱ्या हवेच्या विहिरीतून वर आलेला. तो पाणी पीत होता, आणि इडा एक तांब्या रिकामा झाला की दुसरा ठेवत होती. तिचे सुरकुतलेले गाल लाल झाले होते.

"म्हणतो, म्हातारी झालीस," इडा म्हणाली. "म्हटलं, मेल्या, तुझ्या वाटेकडे बघून बघून झाले! बस गं, तूही घे दोन बटाटे."

नोरीन बसली. इडा नळ सोडून तांब्या भरू लागली; त्या आवाजात तिला ऐकू जाणार नव्हतं. वॉरननं नोरीनकडे पाहिलं.

"डेलची बहीण तू."

"हो."

"काल तो खाली आला. मी ठोकत होतो, तर समोर हा." वॉरनचा आवाज दगडावर दगड घासल्यासारखा होता. "म्हटलं, तुला तर सोडलं होतं. म्हणाला, बोलावणं आलं. मग दोघं बसलो. मग माझ्या नावाची हाक आली. मला वाटलं मागच्यासारखं होणार, मी उठलोच नाही. त्यानं मला खांद्याला धरून उठवलं."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, जा, इतकी वर्षं मी बाहेर जेवलो." वॉरननं पेला खाली ठेवला. "नोरीला सांग, लोणी आणायला गेली होती ते बरं झालं, असंही म्हणाला. मला काही अर्थ लागला नाही."

नोरीनला लागला. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं आणि नळ बंद करून इडानं तिला पोटाशी धरलं.

"रडू नको गं. तुझा डेल घरी आहे, माझा वॉरन घरी आलाय. आता काय कमी आहे आपल्याला?"

ऑफिसात कर्टिस पांढराफटक होऊन बसला होता. त्यानं क्रमांक बरोबर टाकला होता, फक्त घाईत शेपटीला दोनच्या जागी एक पडला होता.

"तुमच्या भावाऐवजी लूमिसचा उघडला मी. एकोणीस वर्षं पुरलेल्या माणसाचा! पण ऐका, मी हॅझलिटना विचारलंय. नवी ओळ घालता येणार नाही, दुरुस्ती एकच. पण आहे तो डॉलर एकवरून दोनवर सरकवता येईल, लिहिण्यातली चूक म्हणून. फक्त आज, पाचच्या आत. ते फोन करणार आहेत. लूमिस तुमच्या नात्यातला नाही, तेव्हा ती ओळ चुकीची आहे एवढं तुम्ही म्हणायचं. तेवढंच. पुढचं मी बघतो."

"आणि दोघांनाही एकेक?"

"नाही हो. विनवून झालं. सरकवता येईल म्हणतात, वाढवता येणार नाही."

म्हणजे एवढंच म्हणायचं होतं: चूक झाली. आणि ती झालीच होती, खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत डेल विहिरीतून वर आला असता, पाणी मागितलं असतं. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला इडा तांब्या भरून वळली असती, तर खुर्चीवर कपडे. नोरीनला तो आवाज माहीत होता. मीठ सांडण्याचा.

फोन वाजला. कर्टिसनं तो दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. शेवटच्या अहवालाची पद्धत अशी, की वादातली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची आणि समोरच्यानं बरोबर किंवा चूक म्हणायचं.

"लूमिस, वॉरन," हॅझलिट वाचू लागले. "दावा उघडा. राखीव एक डॉलर. ही चूक आहे असं समजतं."

कर्टिस नोरीनकडे बघत मान हलवत होता: म्हणा, म्हणा.

नोरीनला डेल दिसत होता, तिसऱ्या खांबापाशी, अंधारात, रिकामा थर्मास मांडीवर घेऊन. तिला तिचा भाऊ हवा होता. दुसऱ्या कुणाचं काहीही होवो, तिला तो हवा होता, आणि हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

"चूक नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"नोरीन!" कर्टिस कुजबुजला.

"कारण काय लिहू?" हॅझलिटनी विचारलं. "हा माणूस मृत असल्याची नोंद आहे."

"दावेदार हयात आहे असं लिहा. मी डोळ्यांनी पाहून आले. बायकोसमोर बसून बटाटे खात होता."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग हॅझलिटचा तोच कोरडा आवाज जरा हळू आला. "असे एक-दोन प्रत्येक राज्यात निघतात, बाई. मी लिहून घेतो. तुमच्याकडे दरवर्षी ही ओळ अशीच पुढे ओढावी लागेल, मात्र. कुणी साफ करू नये."

"माझ्या हयातीत तरी कुणी करणार नाही."

"ठीक. पुढची. वॉइट, डेल. दावा बंद. राखीव शून्य."

या ओळीवर नोरीनला बोलायची परवानगी नव्हती. नात्यातला दावा. कर्टिस तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिला. त्याला काहीच कळत नव्हतं, पण काहीतरी फार मोठं आपल्या जिभेवर येऊन बसलंय एवढं कळत होतं. पायाखालून कुठूनतरी ठोकल्याचा आवाज आला, एकदा, आणि टेबलावरचे कप किणकिणले.

नोरीननं त्याच्याकडे बघून होकाराची मान हलवली.

"बरोबर," कर्टिस म्हणाला.